‘हितं बघा, हितं’: नववी-दहावीच्या पालकांना खुले पत्र

प्रति,
पालक-शिक्षक संघाचे सर्व सभासद,
कोपरखैरणे, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझा आवाज ऐकलेला आहे. पालकसभेत ऐकला असेल असं नाही, कारण सत्तावन्न मुलांच्या वर्गातून सभेला चौदा-पंधरा पालक येतात. तुम्ही तो व्हॉट्सॲपवर ऐकलाय. फळ्यापाशी एक बाई उभी आहे, हातात डस्टर, पदर खोचलेला. ती म्हणते, “ऋण चिन्ह हितं बसलंय बघा, लपून.” मग ‘हितं’ हा एकच शब्द पाच वेळा, ढोलकीच्या ठेक्यावर. शेवटी हसणारी तोंडं. एकूण अकरा सेकंद.

ती बाई मी.

माझ्यापर्यंत ही क्लिप पोचायला नऊ दिवस लागले. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने ती पाठवली आणि खाली लिहिलं, “मावशी, ही तूच ना?” त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर ती कुणीतरी टाकली होती. तोवर तिचा स्टिकरही झाला होता, आणि कुणाचा पत्ता विचारला की लोक तो चिकटवत होते. शाळेत मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, दुपारच्या अधिवेशनाच्या शिपाईमावशींनासुद्धा. नववीच्या पालकांच्या ग्रुपवर ती आली तेव्हा तिच्याखाली हसणारी तोंडं किती पडली ते मी मोजलं नाही. एका ताईंनी मला वेगळा मेसेज केला, “मॅडम, मनावर घेऊ नका, मुलं आहेत.” ताई, मनावर घेतलं मुलांचं नाही.

आता ‘हितं’बद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट त्या शब्दात आहे. मी पाटण तालुक्यातली. बावीस वर्षं नवी मुंबईत गणित शिकवतेय. बी.एड.च्या पाठाच्या वेळी निरीक्षकांनी माझ्या बोलण्यावर लाल शेरा मारला तेव्हापासून ‘इथे’, ‘तिथे’, ‘कुठे’ असं बोलायची सवय लावून घेतली. पण नववीला बहुपदी शिकवताना, संश्लेषक भागाकाराच्या तिसऱ्या पायरीवर चिन्ह बदलतं ते दाखवताना, समोरच्या पोरांच्या कपाळावरची आठी सैल व्हायला लागलेली दिसते. त्या क्षणी मला माझं भान राहत नाही. जीभ सुटते आणि थेट गावाला जाऊन पोचते. म्हणजे क्लिपमध्ये जी बाई दिसते, ती माझ्या मते त्या दिवशी बरं शिकवत होती.

आणि वर्गात बसलेली ही पोरं कोणाची? निम्मी तरी माथाडी कामगारांची नातवंडं. सातारा, जावळी, पाटण इकडून आलेली माणसं, तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहून ज्यांनी बैठ्या घरांवर एकेक मजला चढवला. त्यांच्या घरी आजी ‘हितं’च म्हणते. कदाचित म्हणूनच पोरांना इतकं हसू आलं असेल. घरातलं माणूस अचानक फळ्यापाशी उभं दिसावं तसं.

हसण्याची मला सवय आहे. शिक्षकाला टोपणनाव नसेल तर तो शिक्षकच नव्हे. आमच्या वेळी भूगोलाच्या सरांची नक्कल मी स्वतः करायचे, चांगली करायचे. ती नक्कल मधल्या सुट्टीत व्हायची आणि डबा संपला की संपायची. सर दारात आले की आम्ही गप्प व्हायचो, आणि सरांना ती ठाऊक असूनही नसल्यासारखं ते वागायचे. क्लिपचं तसं नाही. ती संपत नाही, आणि ज्याने कधी माझ्या वर्गात पाऊल ठेवलं नाही त्याच्याकडेही ती असते.

पुढचे तीन आठवडे मी बातम्या वाचल्यासारखं शिकवलं. एकेक शब्द तोलून. फळ्याकडे वळताना पदर नीट आहे ना बघून. मागच्या बाकावर कुणाचा हात खाली गेला की माझं वाक्य अर्ध्यावर अडायचं. उदाहरणं सुटत होती, पाठ पुढे सरकत होता, आणि वर्गात काही घडत नव्हतं. एक मुलगी आहे, चुकलेलं उत्तरही ठणकावून देणारी. तिच्या चुकांवर माझा अर्धा तास चालतो, कारण ती जे चुकते तेच बाकीचे तीस जण मनातल्या मनात चुकलेले असतात. ती हात वर करेना. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी गाठून विचारलं, तर इकडेतिकडे बघून म्हणाली, “बाई, माझं पण काढतील.”

तिच्या या वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले.

शाळेने काय केलं तेही सांगते, कारण त्यात माझाही हात आहे. क्लिपमध्ये खिडकीची जाळी आणि पंख्याचं एक पातं दिसतं. त्यावरून पर्यवेक्षकांनी बाक शोधून काढला. शेवटून दुसरा. मुलगा गरीब स्वभावाचा, गृहपाठ वेळेवर देणारा. त्याला ऑफिसात बोलावलं आणि फोन टेबलावर ठेवायला लावला. मी म्हणाले, “कुलूप उघड.” त्याने अंगठ्याने ती रेघोटी ओढली. दोनदा चुकली, कारण अंगठा थरथरत होता.

मला बघायची होती एक क्लिप, पण गॅलरीत बोट सरकवलं की सगळंच दिसतं. रेशनकार्डाचा फोटो. आईचे रक्ताचे रिपोर्ट. प्लास्टरमधला एक पाय, बहुतेक वडिलांचा. झोपलेली लहान बहीण. आणि वहीच्या एका पानाचा फोटो, ज्यावर त्याने काहीतरी लिहिलं होतं. काय, ते मी सांगणार नाही. मुख्याध्यापकबाई शेजारी होत्या, पर्यवेक्षक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. माझे अकरा सेकंद न विचारता घेतले म्हणून त्या पोराला आम्ही उभं केलं होतं, आणि आम्ही तिघांनी उभ्याउभ्या त्याचं अख्खं घर बघून घेतलं.

त्याची माफी मी नंतर मागितली, एकटीने. ती मागताना मला जेवढं अवघड गेलं तेवढं क्लिप बघतानाही गेलं नव्हतं. त्यानेही मागितली. तो तपशील आमच्या दोघांत राहू दे.

फोन आठ दिवस ऑफिसच्या कपाटात राहिला. पाचव्या दिवशी त्याची आई आली, महाप्यातल्या कंपनीची पहिली पाळी अर्धी टाकून. ती भांडायला आली नव्हती. म्हणाली, “मॅडम, त्याला काय शिक्षा करायची ती करा, पण गॅसचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.” त्या घरात स्मार्टफोन एकच. तो दुपारी शाळेत मुलाजवळ असतो आणि रात्री सगळ्या घराचा असतो. आम्ही जप्त केलं ते एका मुलाचं खेळणं, असा आमचा समज होता.

त्यामुळे ‘फोनवर सरसकट बंदी घाला’ असं सांगायला मी आलेली नाही. आमचं दुपारचं अधिवेशन सहाला सुटतं, तिथून पोरं क्लासला जातात, साडेआठला एनएमएमटीच्या बसथांब्यावर उभी असतात. मुलगी पोचली का, हे आईला कळायला हवं. शिवाय हा फोन पोरांच्या हातात दिला कुणी? २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हीच घरोघर निरोप धाडले, कुठूनही करा पण मुलाला मोबाइल मिळवून द्या. कुणी सोसायटीतून उसने काढले, कुणी हप्त्यावर घेतला. आजही बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड असतो आणि तो फोनशिवाय उघडत नाही. आणि आमच्या हातात काय असतं? ‘यू-डायस’ या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, ‘अपार’ या विद्यार्थी-ओळख क्रमांकाची नोंदणी, वरून आलेली लिंक ‘आज पाचपर्यंत भरा’ म्हणून. मुलांसमोर बसून शिक्षक मोबाइलमध्ये बोटं खुपसतात आणि मुलांना सांगतात, मोबाइल वाईट. पोरं खुळी नाहीत.

माझ्या बाबतीत कायदा काय म्हणतो, हेही काही पालकांनी आपुलकीने सुचवलं. एक वकील पालक म्हणाले, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई लावा. मी ते वाचलं. ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल आहे, माझ्या ‘हितं’ला लागू होत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो वगळतो, आणि मुलगा म्हणणार, मी मित्रांना गंमत म्हणून पाठवलं. तसंही चौदा वर्षांच्या मुलासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढायची माझी तयारी नाही. मला आधार वाटतो तो २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाचा. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, अनुच्छेद २१ मधला. तो अनुच्छेद ‘व्यक्ती’ला आहे. त्यात मीही आले आणि शेवटून दुसऱ्या बाकावरचा तोही आला.

त्याहून कामाचा आहे दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०२५ चा आदेश. एका शाळकरी मुलाच्या फोनवरूनच ते प्रकरण तिथवर गेलं होतं. न्यायालय म्हणालं, फोन शाळेत आणायला सरसकट बंदी नको, ती व्यवहार्यही नाही. जिथे सोय होईल तिथे मुलांनी तो शाळेत आल्यावर जमा करावा आणि घरी जाताना न्यावा. वर्गात वापर नको. शाळेच्या सामायिक जागांत आणि शाळेच्या वाहनांत कॅमेरा आणि रेकॉर्डिंग नको. आणि धोरण पालक, शिक्षक, तज्ज्ञ यांना विचारून ठरवावं. दिल्लीचा आदेश आपल्यावर बंधनकारक नाही हे मला कळतं. पण आपल्याकडे आत्ता जे आहे ते म्हणजे शाळेच्या डायरीतल्या सूचनांत, नखं आणि केसांच्या खाली, ‘मोबाइल आणू नये’ ही एक ओळ, आणि ती कुणीच पाळत नाही. त्यापेक्षा तो आदेश बरा. आणि धोरण पालकांना विचारून ठरवायचं, तर तुम्ही आपोआप पालक-शिक्षक संघाचे सभासद आहातच. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकाला ते सभासदत्व दिलंय. फी वाढली की आपल्याला ते आठवतं.

आता एका पालकांचा प्रश्न, जो मला टाळायचा नाही. त्यांनी विचारलं, “मॅडम, शिक्षकच मारत असेल, नको तसं बोलत असेल, तर मुलाजवळ पुरावा कुठला? तो फोनच ना?” खरं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला, तो विसरून मी हे पत्र लिहू शकत नाही. त्यानंतर शासनाने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. आमच्याही वर्गात कॅमेरा आहे, फळ्याच्या वर डाव्या कोपऱ्यात. त्याबद्दल माझी कुरकूर नाही. तो तिथे आहे हे मला आणि मुलांना दिसतं, आणि तो कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. (त्याचा पडदा कुणाच्या केबिनमध्ये आहे आणि तिथे दुपारी कोण बसून बघतं, हा प्रश्न संघाने एकदा विचारावा. मी विचारला होता. चहा मिळाला.)

ज्या मुलाला शिक्षकाचा त्रास आहे त्याने रेकॉर्ड केलं, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. ते रेकॉर्डिंग कुठे जातं, यावर सगळं अवलंबून आहे. ते आईकडे जावं, मुख्याध्यापकांकडे, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडे, तक्रारपेटीत, नाहीतर १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन करून सांगावं. वाईट शिक्षकाचा पुरावा आणि बऱ्या शिक्षकाची गंमत एकाच ग्रुपवर, एकाच ढोलकीच्या ठेक्यावर फिरायला लागली, की पहिल्याकडेही कुणी गांभीर्याने बघत नाही. आमच्या पोरांनी इन्स्टावर ‘कन्फेशन’चं एक पेज चालवलंय, शाळेच्या नावाचं, कोण चालवतं कुणाला माहीत नाही. तिथे एका मुलीने एका शिक्षकाबद्दल खरोखरच काळजी वाटावी असं काही लिहिलं होतं. तिच्या वर माझा स्टिकर आणि खाली कुणाचं कुणावर प्रेम. ती तक्रार होती की टवाळी, हे ठरवायला आम्हाला चार दिवस लागले. ते चार दिवस त्या मुलीने एकटीने काढले.

मी काय मागतेय ते आता सांगते.

तुर्भ्याला घाऊक बाजारात कापडी कप्प्यांची लटकनं मिळतात, चपला ठेवायची. मी तीन विकत आणून शिवून एक केलंय. प्रत्येक कप्प्यावर हजेरीपटाचा क्रमांक. पहिल्या तासाला फोन बंद करून कप्प्यात, सुटताना परत. लटकन वर्गातच, फळ्याशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शेवटचा कप्पा माझा. शिक्षकाचा फोनही त्यातच जाईल, आणि ‘पाचपर्यंत भरा’वाली लिंक सुटल्यावर भरली जाईल. वरच्यांना हे संघाने पत्र देऊन कळवावं, मी एकटीने कळवलं तर मला नोटीस येते.

मुख्याध्यापकबाईंची भीती मला माहीत आहे: वीस हजारांचा फोन हरवला तर कोण भरून देणार? भीती खरी आहे. म्हणून कपाट नको, ऑफिस नको, डोळ्यांसमोरचं लटकन हवं. आणि जबाबदारीचा कागद शाळा आणि पालक दोघांनी सह्या करून ठेवावा, ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ अशी पाटी लावून कुणी सुटू नये. पोरं काय करणार हेही मला माहीत आहे. दहावी ‘अ’ने मागच्या वर्षी असा प्रयोग हाणून पाडला होता. घरातले मेलेले जुने फोन आणून जमा करायचे आणि चालू फोन मोज्यात. एकाने तर फोनचं नुसतं कव्हर जमा केलं होतं, आत पुठ्ठा घालून. मला राग यायला हवा होता, पण पुठ्ठा इतका बरोबर मापाचा कापला होता की मी त्याला भूमितीच्या वहीसाठी दाद दिली. शंभर टक्के जमणार नाही. सत्तावन्नातले पन्नास कप्पे भरले तरी त्या मुलीचा हात वर येईल, एवढं माझं गणित आहे.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी लागतील. शाळेच्या वेळात मुलाच्या मोबाइलवर फोन करायचा नाही. मागच्या आठवड्यात तासाला एक फोन थरथरला, मी घेतला, पलीकडून वडील म्हणाले, “बाळा, रिमोट कुठे ठेवलायस?” ऑफिसचा लँडलाइन चालू करून घेऊ, तो नंबर भिंतीवर लावा. निरोप पाच मिनिटांत मुलापर्यंत पोचेल, मावशी धावत नेतात. आणि दुसरी गोष्ट अवघड आहे. वर्गातली क्लिप तुमच्या फोनवर आली, कुणाचीही असो, तर ती पुढे जाऊ देऊ नका, आणि ज्याने पाठवली त्याला हसणारं तोंड पाठवू नका. माझी क्लिप एका मुलाने काढली. ऐरोलीपर्यंत ती मोठ्या माणसांनी नेली.

शाळेकडूनही मला एक हवंय. मुलाचा फोन कुठल्याही शिक्षकाने उघडायचा नाही. क्लिप काढली असेल तर त्याने आईवडिलांसमोर स्वतःच्या हाताने पुसायची, आणि ज्यांना पाठवली त्यांना पुसायला सांगायचं, नावं घेऊन. जप्ती फार तर शाळा सुटेपर्यंत. आणि स्नेहसंमेलनाचे, सहलीचे, बक्षीस समारंभाचे मुलांचे फोटो शाळेच्या पानावर टाकताना आपण त्यांना कधी विचारलंय? २०२३ च्या त्याच कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, असं म्हटलंय. गणवेशासाठी अनुदान मिळालेल्या मुलांचे रांगेत उभे केलेले फोटो शाळेच्या पानावर अजून आहेत. ते आधी काढा. नाहीतर पोराला कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या मुलाचं आता बरं चाललंय. परवा संश्लेषक भागाकाराची उजळणी होती. तिसऱ्या पायरीवर मी थांबले, चिन्ह कुठे बदलतं असं विचारलं, आणि कुणी बोलायच्या आत मागून, शेवटून दुसऱ्या बाकावरून, आवाज आला, “हितं, बाई.” वर्ग हसला. मीही.

पालक-शिक्षक संघाची सभा येत्या शनिवारी, दुपारी साडेतीनला, नववी ‘ब’च्या वर्गात ठेवली आहे. येताना फोन जरूर आणा. लटकन दारातच टांगलेलं असेल, आणि तुमच्या पाल्याचा हजेरी क्रमांक तोच तुमचा कप्पा. ज्यांना तो क्रमांक आठवत नसेल त्यांनी मुलाला घरीच विचारून यावं.

आपली,
नववी ‘ब’च्या गणिताच्या बाई